मदत हवी आहे: ताड पाकोळी आणि स्विफ्टलेट उडताना वेगळ्या कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी,
सध्या वेंगुर्ल्याजवळ उभादांड्याला आहे. वळवाची सर येऊन गेली की संध्याकाळी माडांच्या शेंड्यांवर पाकोळ्यांची नुसती झुंबड उडते. घर-पाकोळीचा प्रश्न नाही, तिचा कमरेवरचा पांढरा पट्टा लांबूनही दिसतो. अडतंय ते उरलेल्या काळपट पक्ष्यांपाशी. पांढरं कुठेच नाही, आकार सारखाच, आणि एक क्षण स्थिर राहतील तर शपथ!

माझ्या मते पर्याय दोनच: ताड पाकोळी किंवा भारतीय स्विफ्टलेट (गुहेत घरटं करणारी छोटी पाकोळी). समोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर स्विफ्टलेटची वसाहत आहे, तेव्हा ती किनाऱ्यावर किडे टिपायला येत असणार. पुस्तकं सांगतात, ताड पाकोळीची शेपटी खोल दुभंगलेली, स्विफ्टलेटला जेमतेम खाच. पण मला बहुतेक वेळा दुभंग दिसतच नाही. मग सगळ्या स्विफ्टलेट समजायच्या का? फोटोंत तर पांढऱ्या आभाळावर नुसते काळे आकार आलेत. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद टाकायची आहे, ठोकून द्यायची नाही.

प्रतिसाद १:
दुभंग दिसला नाही म्हणजे स्विफ्टलेट, असं अजिबात नाही. सरळ उडताना ताड पाकोळी शेपटी मिटूनच ठेवते. मागे लांब, टोकदार सुई निघाल्यासारखी दिसते. गर्रकन वळताना ती उघडते, तेवढ्यात बघायचं. स्विफ्टलेटची शेपटी कशीही धरली तरी आखूडच. शिवाय ताड पाकोळी अंगाने काटकुळी, पंख अरुंद. स्विफ्टलेट त्यामानाने भरलेली, पंख रुंद. रंगावर जाऊ नका. ताड पाकोळीचा गळा जरा फिकट असतो खरा, पण उजेड मागून असला की दोन्ही काळ्याच. आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एक-दोन स्टॉप वर घ्या म्हणजे पक्षी उजळ येईल, शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको.

प्रतिसाद २:
कान द्या. ताड पाकोळ्या उडताना बारीक, किरट्या आवाजात सारख्या ओरडत असतात. स्विफ्टलेटची प्रसिद्ध टकटक अंधाऱ्या गुहेत प्रतिध्वनीवरून वाट काढण्यासाठी असते, मोकळ्या आभाळात तिच्या भरवशावर राहू नका.

त्याहून सोपं म्हणजे पक्षी घुसतो कुठे ते बघा. झावळीत शिरला तर प्रश्न मिटला. ताड पाकोळी ताडा-पोफळीच्या पानाला खालून पिसं लाळेने चिकटवून घरटं करते, अंडीसुद्धा लाळेनेच चिकटवते, नाहीतर वाऱ्यात टिकतील कशी! स्विफ्टलेटचं घरटं गुहेत, खडकाला. फक्त खात्री करायला होडी काढून रॉक्सवर जाऊ नका. हा विणीचा काळ, आणि सूपसाठी त्या घरट्यांची तिथून तस्करी होत असे. आधीच पुष्कळ सोसलंय त्यांनी.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. आज वळणावर लक्ष ठेवलं. माडांभोवतीच्या तर ताड पाकोळ्याच, शेपटी कात्रीसारखी उघडते हे स्पष्ट दिसलं. पण वाळूच्या पट्ट्यावरून, बऱ्याच उंचावरून गेलेला लहान थवा वेगळा वाटला: आखूड शेपटी, आवाज नाही. एवढ्यावर स्विफ्टलेट लिहावं, की 'पाकोळी, प्रजाती अनिश्चित'?

प्रतिसाद १:
अनिश्चितच लिहा, आखूड शेपटीचं शेऱ्यांच्या रकान्यात टाका. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन किनाऱ्यावर उभे राहा, तेव्हा समुद्राकडून येणाऱ्यांवर उजेड नीट पडतो.