आईसाठी धुवून वापरायची निकर शिवतेय, पण कडेने ओलं येतंय, कुणी शिवलीये का?

गुहागरची_शिवणवाली
नमस्कार सगळ्यांना. विषय नाजूक आहे पण गावात कोणाला विचारणार म्हणून इथे लिहिते. आई ६७ वर्षांची आहे, खोकला आला, शिंक आली, कळशी उचलली की थोडी लघवी होते. तिने दोन वर्षं सांगितलंच नाही, मला कळलं ते मागीलदारी दोरीवर साडीच्या आत लपवून जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत घातलेल्या दिसल्या तेव्हा. खूप वाईट वाटलं. आता एसटीने चिपळूणला जायचं म्हटलं की सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही आणि भजनाला जाणं तर बंदच केलंय, जी बाई कधी भजनाचा एक वार चुकवायची नाही ती.

बाजारातले वापरून टाकायचे डायपर आणले होते, पण जांघेत पुरळ उठलं आणि ते टाकायचे कुठे, आमच्याकडे घंटागाडी येत नाही, परसात जाळायचे तर सगळं प्लास्टिक. मी ब्लाउज मॅक्सी शिवते, म्हटलं आपणच करून बघू. होजिअरीच्या निकरला मधे टर्किश टॉवेलचे चार थर, खाली रेनकोटचं कापड, चारी बाजूंनी टीप आणि थर सरकू नयेत म्हणून मधून दोन उभ्या टिपा. तर होतं काय की टॉवेल अर्धा कोरडा असतो आणि ओलं मात्र शिलाईच्या रेषेत आणि मांडीच्या कडेला येतं. घाम येतो तो वेगळाच. आणि या पावसात तीन तीन दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो. कुठे चुकतंय?

खाडीपलीकडची
ताई सगळ्यात आधी त्या मधल्या दोन टिपा उसवा. रेनकोटच्या कापडाला सुईने जेवढी भोकं पडली तेवढ्या वाटा झाल्या, आणि दोरा सुती असेल तर तो दिव्याच्या वातीसारखं ओलं ओढून बाहेर आणतो. मी मुलीच्या वेळी कापडी लंगोट शिवले तेव्हा हेच केलं होतं आणि महिनाभर दोष टॉवेलला देत बसले. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुई बारीक, ११ नंबरची बॉलपॉइंट म्हणजे गोल टोकाची, टाका जरा लांब म्हणजे ३ मिलिमीटर, आणि टाचण्या लावूच नका, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून शिवा.

दुसरं, मांडीच्या कडेला बघा, वरचं सुती कापड कडेवरून दुमडून बाहेर आलंय का? बहुतेक आलं असणार, कारण आपल्याला ब्लाउजची पट्टी तशीच दुमडायची सवय असते. तिथूनच गळतं. पाणी मधून खाली जात नाही, ते कापड धरून कडेकडेने बाहेर चालत येतं. म्हणून शोषणारं कापड न गळणाऱ्या थरापेक्षा सगळीकडून बोटभर लहान कापायचं आणि कडेला न गळणारं कापडच आत वळवायचं, म्हणजे बाहेरच्या साडीला लागेल असा सुती धागा एकही राहत नाही. इलॅस्टिक मऊ आणि रुंद घ्या, जांघेच्या घडीत बसेल असं, फार ताणून लावलं तर वळ उठतात आणि सैल लावलं तर बसल्यावर फट पडते. आईला स्टुलावर बसवून, वाकवून, पाटावर मांडी घालायला लावून बघा, उभ्याने माप घेऊन कळत नाही.

रेनकोटचं कापड मात्र काढाच. पीयूएल म्हणून कापड येतं, पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाला एका बाजूने पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा असतो, पाणी अडतं पण वाफ थोडी बाहेर जाते, म्हणून घाम कमी. ऑनलाइन मीटरवर मिळतं. चकचकीत बाजू आत, टॉवेलकडे. ते उकळायचं नाही, ब्लीच नाही, थेट इस्त्री नाही, पापुद्रा सुटतो.

आणि चार थर एकत्र शिवू नका हो, आपल्या हवेत ते वाळणारच नाही. लांब पट्टी करा, तीन घड्या पडतील अशी, आणि एकच टोक निकरला मागच्या बाजूने जोडा. धुताना पट्टी उलगडली की एकेरी होते, पंच्यासारखी वाळते. नाहीतर दोन्हीकडून उघडा खिसा करून पट्टी वेगळीच ठेवा. कापायच्या आधी कापड दोन तीनदा गरम पाण्यातून काढा, एक तर आटतं ते आटून जाऊ दे आणि नव्या कापडाला खळ, मेण असतं त्यामुळे ते नीट शोषत नाही. वर पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा उभा राहिला तर अजून धुवायला हवं.

मालवणचो_झील
माझ्या बाबांसाठी हे सगळं केलंय, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर. पुरुषांना जाड भाग पुढे लागतो, मधे नाही, हे मला दोन चड्ड्या वाया गेल्यावर कळलं. आणि रात्री कुशीवर झोपले की सगळं बाजूला जातं, म्हणून रात्रीचं माप कंबरेपर्यंत वर घेतलं. बाबा आधी म्हणत होते, "ह्यां माका नको, मी काय ल्हान पोर आसंय?" मग मी त्यांच्या नेहमीच्या पट्ट्यांच्या चड्डीच्या आतच शिवून दिलं, बाहेरून काही दिसत नाही, तेव्हापासून काही बोलले नाहीत, घालतात.

किती थर घालायचे ते अंदाजाने ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पट्टी कोरडी तोला, मग काढल्यावर तोला, जेवढे ग्रॅम वाढले साधारण तेवढे मिलिलिटर. बाबांचं दिवसा ६० च्या आसपास भरायचं आणि मी ३०० ची तयारी केली होती, उगाच जाड गादी करून त्यांना घालायला लावत होतो. एक अजून, फडकी येतात ना मायक्रोफायबरची, ती पटकन ओढून घेतात पण त्यावर बसलं की दाबाने सोडून देतात. घालायचीच तर वर सुती, मधे ते, खाली परत सुती. अंगाला थेट लावू नका, कातडी कोरडी पडते.

सिस्टर_रत्नागिरी
शिवणाचं वर छान सांगितलंय सगळ्यांनी, मी आईंबद्दल बोलते. पाणी बंद करणं आधी थांबवा. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला जास्त टोचते, परत परत जावंसं वाटतं, वर बद्धकोष्ठ होतो आणि त्याने गळती वाढते. खोकल्या शिंकेबरोबर जाते ती ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडल्याने, बाळंतपणं आणि वय दोन्ही त्यात आलं, यात लाजण्यासारखं काही नाही हे त्यांना तुम्ही सांगा, लेकीच्या तोंडून ऐकलं की पटतं. वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखं आत ओढायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पोट आवळायचं नाही, श्वास रोखायचा नाही. आधी एकदा डॉक्टरकडे मात्र न्या, लघवी आणि साखर तपासून घ्या. जळजळ, ताप, रक्त असलं तर अजिबात थांबू नका.

पुरळावर खोबरेल चोपडत असाल तर अगदी पातळ बोट फिरवा, तेल पट्टीला लागलं की ती शोषतच नाही. कपडे मऊ करायचं लिक्विड पण त्याच कारणाने नको. वापरलेली पट्टी लगेच गार पाण्यात खळबळून घ्या, ओली बादलीत दिवसभर ठेवली की अमोनियाचा वास धरतो. आणि साबण निघेपर्यंत पाणी काढा, शेवटचं पाणी नितळ यायला हवं.

गुहागरची_शिवणवाली
सगळ्यांचे खूप खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय कारण कापड यायला वेळ लागला. टिपा उसवल्या, कड सांगितली तशी आत वळवली, पट्टी सुटी केली. काट्यावर तोललं, कोरडी ८४ ग्रॅम, दुपारी काढली तेव्हा १२१. म्हणजे ३७ च मिलिलिटर, आणि मी चार थर घालत होते! आता दोनच घातलेत, वर जुन्या लुगड्याचा तुकडा, तिच्याच, त्याइतकं मऊ काही सापडलं नाही. परकर कोरडा राहतो. डॉक्टरकडे पण जाऊन आलो, साखर ठीक आहे, व्यायाम तोच सांगितलाय.

फक्त वाळवण्याचं विचारायचंय, आई निकर चुलीवरच्या दोरीवर टाकते, चालेल का?

खाडीपलीकडची
सुटी पट्टी टाका, निकर नको. पीयूएलला चुलीची आच लागली की गेलं. ते तसंही पातळ असतं, पंख्याखाली रात्रीत वाळतं. पाऊस उघडला की दोन्ही उन्हात घाला, सरळ उन्हात, लपवून नाही. आणि आठ दहा पट्ट्या शिवून ठेवा, आषाढात तेवढ्या लागतातच.

गुहागरची_शिवणवाली
सहा झाल्यात. काल तिने स्वतः विचारलं, बाहेर नेताना ओली पट्टी ठेवायला काही करशील का, तर उरलेल्या पीयूएलची चेनवाली पिशवी शिवली, बटव्याएवढी. आज भजनाचा वार, ती पिशवी घेऊन आई भजनाला गेलीये, अजून आली नाही, साडेनऊ वाजलेत.