बाबांनी सिगरेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त सुरू

पडवीतलं_मांजर:
मंडळी जरा सांगा. बाबा ५९, पस्तीस वर्षं रोज आठ-दहा सिगरेटी, दिवाळीनंतर एकदाच्या सोडल्या (आईने पेढे वाटले). आता दोन महिने झाले तर ब्रश करताना बेसिनमध्ये लाल पाणी. आधी थेंबभरही यायचं नाही म्हणे, त्यामुळे बाबांचं ठाम मत की सिगरेटनेच हिरड्या घट्ट होत्या, "एखादी ओढून बघतो" इथवर गाडी आलीय. ब्रशच बंद केलाय, मीठ-तेल लावून बोटाने घासतात. डेंटिस्टचं नाव काढलं की शेजारच्या काकांचे दात क्लिनिंगनंतर हलायला लागले ही गोष्ट ऐकवतात. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. काय करू?

हिरडीवाली:
मी हिरड्यांचीच डॉक्टर आहे, हे रोज ऐकते. निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार आत असूनही रक्त येत नाही. कुत्र्याचं तोंड बांधून ठेवलं तर तो भुंकणार नाही, पण चोर यायचे थांबतात का? सिगरेट सुटली, कुत्रा भुंकला एवढंच. परत ओढू देऊ नका प्लीज.
ब्रश बंद करणं तर अगदीच उलटं. रक्त येतं तिथे प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचलेला असतो, तिथेच मऊ ब्रश, केस थोडे हिरडीच्या कडेकडे तिरके धरून, दोन मिनिटं, दोन वेळा. नुसती सूज असेल तर प्लाक गेला की उतरते. दाताला धरणारं हाड झिजलं असेल तर ते आपोआप भरून येत नाही, झीज थांबवता येते. दोन्हींतला फरक आरशात कळत नाही, बारीक खुणांच्या सळीने दात-हिरडीमधली खोली मोजावी लागते, ३ मिमीपर्यंत ठीक, पुढे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेली खोल फट. एक्सरेही लागेल. आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास देते.

तिखटजीभ:
क्लिनिंगचं मी सांगतो कारण मीही दहा वर्षं टाळलं. माझ्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाची भिंतच झाली होती, ती काढल्यावर फटी दिसायला लागल्या, जिभेला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं आणि दोन दात हलतायत असं वाटलं म्हणून भांडायलाच गेलो, तर डॉक्टरांनी जुना एक्सरे दाखवला, हाड आधीच खाली गेलेलं, कीटणाने दात सिमेंटसारखे चिकटवून धरले होते. आठवडाभर थंड पाणी झोंबलं. आता फटींतून बारीक ब्रश फिरवतो, पहिल्या दिवशी जो वास आला तो सांगण्यासारखा नाही.

गावची_सून:
आमच्या सासूबाईंचं मिश्रीचं असंच, "मिश्री लावते म्हणून दात शाबूत". मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच ना! वरच्या दाढा गेल्या तेव्हा वयावर ढकललं.

पडवीतलं_मांजर:
अपडेट. शुगर तपासायचीय सांगून नेलं, तसं खोटंही नव्हतं. डॉक्टर आकडे बोलत होत्या, असिस्टंट लिहीत होती आणि बाबा आ वासून ऐकत होते, दोन, तीन, तीन, सहा, पाच. सहा ऐकल्यावर हात वर करून थांबवलं, "म्हणजे किती खोल?" त्यांनी सळीवरची काळी खूण दाखवली. मागच्या दाढांना हाड गेलंय, पुढे बरंय. दोन सिटिंगमध्ये खोलवर सफाई, मग तीन-तीन महिन्यांनी बोलावलंय. माउथवॉश दोनच आठवडे, जास्त वापरला तर दात तपकिरी पडतात म्हणे.
सिगरेटचा विषय बंद. मीठ-तेल मात्र रविवारी लावणारच म्हणतात, म्हटलं लावा, ब्रशनंतर.