चिंचेचा पाला आणि जादूचे नियम: चाहत्यांच्या थिअऱ्या म्हणजे ठिगळंच ना?

गजकप्रेमी (लष्कर, ग्वाल्हेर)

सहावीत असताना गाण्याच्या परीक्षेआधीच्या रविवारी मामाने मला सायकलच्या दांडीवर बसवून हजीऱ्याला नेलं, तानसेनच्या समाधीपाशी. तिथल्या चिंचेचा पाला चावला की गळा गोड होतो, हे ग्वाल्हेरात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. मी मूठभर चावला. दात आंबले, जीभ खरखरीत झाली आणि परीक्षेत नापास झाले.

मामा म्हणाला, अगं तोडलेला पाला चालत नाही, खाली पडलेला घ्यायचा असतो. मावशीने विचारलं, आधी समाधीला नमस्कार केला होतास का? शेजारच्या आजींनी तर निकालच लावला: आताचं झाड मूळचं नाहीच, मूळचं केव्हाच गेलं, त्याचा गुण याला कुठून येणार! आठवड्याभरात एका पाल्याला तीन अटी चिकटल्या.

हे आठवायचं कारण म्हणजे भाचा. सुट्टीला आलाय आणि दिवसभर फॅन्टसी कादंबऱ्यांतल्या जादूबद्दलच्या थिअऱ्या ऐकवतोय. कालची अशी: हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकात (२००७) हर्मायनी सांगते की शून्यातून अन्न तयार करता येत नाही, रूपांतराच्या जादूबद्दलच्या गॅम्पच्या नियमाला पाच मुख्य अपवाद आहेत आणि अन्न हा त्यातला एक. हाताशी थोडं असेल तर ते वाढवता मात्र येतं. उरलेले चार अपवाद कोणते, ते कादंबऱ्यांत कुठेच नाही. झालं! कुणी म्हणतं पैसा, कुणी प्रेम, कुणी ज्ञान. रिकामी खोली दिसली की जो तो आपलं सामान आणून ठेवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. गोष्ट अडण्याआधी सांगितला तो नियम, अडल्यावर सांगितली ती सबब. बहुतेक थिअऱ्या दुसऱ्या जातीच्या आहेत. लेखकाकडून राहिलेल्या भोकाला चाहत्यांनी प्रेमाने लावलेलं ठिगळ. पटत नसेल तर बोला.

सोळावा धातू

कसोटी मान्य, निकाल अमान्य. तुम्ही उदाहरणच सोयीचं घेतलंत.

ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' (२००६) घ्या. त्यात माणसं धातू गिळतात आणि पोटात 'जाळतात'. लोखंड जाळलं की आजूबाजूचे धातू ओढता येतात, पोलाद जाळलं की ढकलता येतात. जस्ताने समोरच्याच्या भावना भडकतात, पितळेने निवतात. तांबं लपवतं, कासं हुडकतं. आता नीट बघा: पोलाद लोखंडापासून, पितळ जस्तापासून, कासं तांब्यापासून. म्हणजे प्रत्येक धातूसमोर त्याचाच मिश्रधातू बसवलाय, आणि कामं एकमेकांच्या उलट. पहिल्या पुस्तकात लोकांना दहाच धातू माहीत असतात, अकरावा गूढ. पुढे आकडा सोळावर जातो. तक्ता समोर असला की रिकामी घरं वाचकालाही दिसतात. मेंडेलीफने १८६९ साली असंच केलं होतं. मूलद्रव्यांच्या कोष्टकात जागा सोडली, तिथे काय असेल ते सांगितलं, आणि १८७५ मध्ये गॅलियम सापडलं. त्याला कुणी ठिगळ म्हणत नाही.

सँडरसनचाच २००७ चा एक लेख आहे. त्याचा सारांश असा, की वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकीच ती अडचण सोडवायला वापरायची मुभा लेखकाला. पूर्ण रास्त आहे.

आणि ग्वाल्हेरकरांनी हिशोबाला नाकं मुरडावीत? किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला इ.स. ८७६ चा शिलालेख, ज्यातलं शून्य बघायला लोक लांबून येतात, त्यात आहे काय? देवासाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद बाग आणि रोजच्या ५० माळा. देवाच्या दारात माळा मोजून कोरल्यात, मग जादूगाराकडे हिशोब मागितला तर बिघडलं कुठे?

थाटीपुरी

पॉपकॉर्न नाही, गजकाचा डबा घेऊन बसलोय. चालू द्या.

अधांतरी

सोळावा धातू, तुमचं ते पुस्तक मीही आवडीने वाचलंय. पण वाचून झाल्यावर जादू पाहिल्यासारखं नाही, मोटार दुरुस्त करायला शिकल्यासारखं वाटलं. (हलके घ्या.)

उर्सुला ली ग्विनची १९६८ ची 'अर्थसी' मालिकेतली पहिली कादंबरी आठवा. वस्तूचं खरं नाव ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता. पण एका बेटावर पाऊस पाडलात तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. किती मिलिमीटर पावसाला किती दुष्काळ, ते विचारायचं नाही. विचारलंत की पुस्तक हातातून गेलं. त्यातला ज्येष्ठ जादूगार भर पावसात भिजत राहतो, ढग हाकलत नाही. ते वाचताना जी शांतता येते ती कुठल्या कोष्टकात बसवणार?

नारदकाका

वय झालं, इंग्रजी कादंबऱ्या झेपत नाहीत. महाभारत मात्र तीनदा झालंय.

वनपर्वात कर्ण कवचकुंडलं देतो आणि इंद्र शक्ती देतो. अट तिथेच ठरते: एकच शत्रू मारायचा, मग शक्ती इंद्राकडे परत. पुढे द्रोणपर्वात रात्रीच्या लढाईत कर्ण ती घटोत्कचावर सोडतो. भीमाचा पोरगा पडलाय, पांडव रडताहेत, आणि कृष्ण आनंदाने नाचतोय. अट आधी ठाऊक नसती तर तो नाच बघून वाचकाने पोथी मिटली असती. ठाऊक असल्यामुळे अंगावर काटा येतो. या बाबतीत मी धातूवाल्यांच्या बाजूने.

पण गजकप्रेमी, परशुरामाचा शाप? ती हकीकत नारद युधिष्ठिराला शांतिपर्वात सांगतो, युद्ध आटोपल्यावर. तुमच्या मापाने व्यासांनीही ठिगळच लावलं म्हणायचं.

सोळावा धातू

काका, इथे चुकताय. कर्णपर्वात कर्ण स्वतःच शल्याला शापाबद्दल सांगतो, आणि तेव्हा रथाचं चाक अजून रुतलेलं नसतं. शांतिपर्वात येतो तो विस्तार.

नारदकाका

बरोबर आहे, विसरलो होतो. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

अधांतरी

द्रोणपर्वात आहातच तर तिथेच थांबा. 'अश्वत्थामा मेला' असं युधिष्ठिर बोलतो आणि हत्तीचा शब्द हळूच गिळतो. त्या क्षणी कळतं की आजवर त्याचा रथ जमिनीच्या चार बोटं वर चालत होता, आणि आता तो टेकला.

गजकप्रेमी, ही चार बोटं आधी कुणी सांगितली होती? त्या रथाने इतकी लढाई केली, कुणी अवाक्षर काढलं नाही. सत्यामुळे रथ वर राहतो हा नियम आपल्याला कळतो तोच मुळी तो मोडल्यावर. तुमच्या कसोटीवर ही शुद्ध सबब. आणि सगळ्या महाभारतात माझ्या लक्षात राहिलेली जादू कुठली, तर हीच. चारच बोटं का, पाच का नाहीत, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

गजकप्रेमी

इथे मी अडकले. दोन तास विचार करतेय, मध्ये कुकरच्या शिट्ट्याही मोजायच्या राहिल्या.

थोडी दुरुस्ती करते. चार बोटांनी कुणाची अडचण सुटत नाही. उलट त्या क्षणी युधिष्ठिराचं काहीतरी जातं. उशिरा सांगितलेल्या अटीने पात्राचं नुकसान होत असेल तर मी ती गिळते. फायदा होत असेल तर तीच अट मला पाल्यासारखी आंबट लागते. मामाची अट अशीच होती की, त्याचा पाला वाचवणारी.

सोळावा धातू

ही दुरुस्ती तुम्ही अडल्यावर केलीत, नोंद घेतली आहे.

गजकप्रेमी

घ्या. त्यात फायदा माझाच आहे, म्हणजे माझ्याच मापाने मी बाद.

थाटीपुरी

गजक संपली म्हणून लिहितो. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेतली ती गाजलेली थिअरी कुणी काढली नाही? ड्रॅगन जन्मले म्हणून जगात जादू परतली, अशी. आधार पक्का आहे. दुसऱ्या भागात (१९९८) आग बनवणारा किमयागार म्हणतो की हल्ली आमचे मंत्र जास्तच लागू पडताहेत, आणि कुठे ड्रॅगन आहेत का, असंही विचारतो. पण कोंबडं आरवलं म्हणून उजाडतं का? जादू आधी परतली आणि म्हणून अंडी उबली, असंही असेल. पाचवा भाग २०११ चा, सहाव्याची वाट बघत लोक अजून भांडताहेत. लेखक लिहीत नाही तोवर थिअरी अमर.

अधांतरी

हे मात्र पटलं. जाता जाता, घरच्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दीपक राग गाऊन तानसेनच्या अंगाची आग झाली आणि वडनगरच्या ताना-रिरीने मल्हार गाऊन ती विझवली, अशी आख्यायिका. अहो, पण मियाँ मल्हार तर याच मियाँ तानसेनच्या नावावर आहे! मग स्वतःच का नाही गायला?

नारदकाका

अंग पेटलेल्या माणसाला षड्ज तरी लागेल का?

सोळावा धातू

किंवा मियाँ मल्हार त्याने नंतर बांधला. एकदा भाजल्यावर, पुन्हा तशी वेळ नको म्हणून. तारखा जुळवायची सोय नाही, पण बसतंय.

अधांतरी

किंवा ज्या गळ्यातून आग निघाली त्यातून पाऊस निघत नाही. नियम कुणी सांगितलेला नाही, आणि नुकसान पात्राचंच होतंय. म्हणजे गजकप्रेमींच्या सुधारित मापातही बसला.

गजकप्रेमी

बसला खरा. ही भाच्याला ऐकवते, निदान संध्याकाळपर्यंत गप्प बसेल.

नारदकाका

एक राहिलं. पोरी, सहावीच्या त्या परीक्षेत राग कुठला होता?

गजकप्रेमी

भूप.

नारदकाका

आणि नापास कशाने?

गजकप्रेमी

आलापात मध्यम लागला. भूपात मध्यम नसतोच. परीक्षक हसून म्हणाले होते, लागला मात्र फार गोड.

थाटीपुरी

पाल्याने आपलं काम चोख केलं की मग!