पद्मिनी ऑइल खातेय: रिंगा की गाइड?

प्रश्न (लातूर): प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. १,००० किमीला लिटरभर ऑइल लागतंय, खाली थेंबही नाही. इंजिन उतरवावंच लागेल का?

जालना: घाई नको, आधी धूर बघा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडून पुन्हा दाबल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) झिजलेत. चढावर सतत निळा असेल तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या). खात्रीसाठी इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. गाइडची झीज मात्र यात दिसत नाही.

नांदेड: त्याआधी ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी) नळी साफ करा, फुकटचं काम! तुंबली की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब ऑइल बाहेर ढकलतो. आपल्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइलच टाका.