क्रोशाचं कोणतं काम कशानं सोपं झालं? (अनुभव धागा)

दारव्ह्याकडून
महालक्ष्म्यांसमोर ठेवायला यंदा क्रोशाचा गोल रुमाल विणायला घेतला. सहाव्या फेरीला कडा वर यायला लागल्या. नवव्या फेरीला घरातल्या पोट्ट्यानं तो डोक्यावर घालून दाखवला. बसला बरोबर.

आमच्या गावात क्लास वगैरे नाही. शिकवायला आई, मोठी जाऊ आणि फोन. कापूस दाराशी पिकतो, पण दोऱ्याची गुंडी आणायला यवतमाळ गाठा. त्यामुळे वाया गेलेलं परवडत नाही. म्हणून विचारते: आधी फार अडत होतं आणि मग एखाद्या छोट्या युक्तीनं सोपं झालं, असं काही असेल तर लिहा. ऐकीव नको, हातानं केलेलं सांगा. फसलेलंही चालेल.

धामणगावहून
टोपी झाली म्हणजे खांब (सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घातलेला उंच टाका) कमी वाढवले, दुसरं काही नाही. खांबांच्या गोलाला पहिल्या फेरीत १२ खांब. दुसरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसरीत एकात एक, पुढच्यात दोन, झाले ३६. चौथीत दोन खांब साधे आणि तिसऱ्यात दोन, ४८. दर फेरीला १२ वाढले पाहिजेत. मुक्या खांबाचा (वेढा न घेता घातलेला आखूड टाका) गोल असेल तर सुरुवात ६ नं आणि दर फेरीला वाढ ६ ची. कडा वर आल्या तर वाढ कमी पडली, लाटा आल्या तर जास्त झाली.

मी हे लेकीच्या रुखवतात शिकले. ताटाखाली ठेवायचे सहा रुमाल करायचे होते. वाटी होऊ नये म्हणून मी हात सैल सोडला आणि पहिल्या दोघांना अशी झालर सुटली की नणंद म्हणाली, "वहिनी, परकराला लावू का?" तेव्हापासून दर फेरी झाली की रुमाल पाटावर ठेवून तळहातानं दाबून पाहते. सपाट बसला तर पुढची फेरी. नसेल तर तिथंच उसवायचं. एक फेरी उसवायला दोन मिनिटं लागतात, नऊ फेऱ्या उसवताना रडू येतं.

आणखी एक. दर फेरीला वाढ बरोबर आधीच्या वाढीवरच घेतली तर गोलाला कोपरे फुटतात, गोल राहत नाही. एखाद्या फेरीत वाढ दोन-तीन खांब पुढे सरकवा.

थोडासाच ओढा असेल तर तो धुतल्यावर जातो. सुती रुमाल धुवायचा, तांदळाच्या पातळ पेजेत बुडवून पिळायचा, पाटावर प्लास्टिक अंथरून कडा ओढून पिना टोचायच्या आणि सावलीत वाळू द्यायचा. पिना मात्र न गंजणाऱ्या घ्या. माझ्या एका पांढऱ्या रुमालाला चौदा तांबडे ठिपके आहेत. पाहुणे त्याला डिझाइन समजतात आणि मीही काही बोलत नाही.

हिंगणघाटहून
गुंडी घरभर पळते, मांजर मागे लागते. मी चहाची जुनी ॲल्युमिनियमची किटली घेतली. दोऱ्याचं टोक आतून तोटीतून बाहेर काढायचं, मग गुंडी आत ठेवून झाकण लावायचं. गुंडी आतल्या आत फिरते आणि दोरा सरळ येतो. तोटीच्या टोकाला धार असेल तर आधी पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर दोरा खरचटतो.

अकोटकडची
मले तं मोजणंच जमत नव्हतं. शंभर साखळ्यांकडे आलं का कोणी ना कोणी ओसरीवर येऊन विचारते, "नळ आला व्हय?" अन् गेला आकडा. मंग सासूबाईनं सांगितलं, एक ओळ झाली का वाटीत तुरीचा एक दाणा टाक. लय झकास चाललं बाप्पा. एक दिवस वाटी ओसरीवर ठेवून मी चहा मांडायले आत गेली, तं कोंबडीनं अठरा ओळी टिपून टाकल्या!

आता दर वीस साखळ्या झाल्या का लाल दोऱ्याचा तुकडा अडकवायचा. चुकलं तं शेवटच्या तुकड्यापासून मोजायचं, पहिल्यापासून नाही. अन् साखळ्या पाहिजे त्याच्यापेक्षा दहा जास्तच घालायच्या. उरल्या तं सुरुवातीच्या टोकाकडून गाठ सोडून काढता येतात. कमी पडल्या तं सारंच उसवा लागते.

ब्रह्मपुरीहून
मी कॉलेजात आहे, आजीकडून अर्धं आणि फोनवरून अर्धं शिकले. सगळ्यात मोठा गोंधळ नावांचा. अमेरिकन बाई 'डबल क्रोशे' म्हणते तो आपला खांब. इंग्लंडच्या पद्धतीत 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब आणि आपल्या खांबाला ते 'ट्रेबल' म्हणतात. मी बाळाचं झबलं एका पद्धतीचं वाचून दुसऱ्या पद्धतीनं विणलं. ते बाहुलीला झालं. आता सुरुवातीलाच पाहते: 'सिंगल क्रोशे' हा शब्द कुठे आला तर नमुना अमेरिकन, कारण दुसऱ्या पद्धतीत तो टाका त्या नावानं येत नाही.

मफलर त्रिकोणी होतो त्याचं कारणही सांगते, कारण मी तोही केला आहे. खांबाच्या ओळीत वळताना ज्या तीन साखळ्या घालतो, तो पहिला खांब. म्हणून पुढचा खांब त्यांच्या बुडाशी नाही, त्याच्या पुढच्या टाक्यात घ्यायचा. आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या वरच्या साखळीतही खांब घ्यायचा. तोच घ्यायचा राहून जातो. मी तिथं शर्टाची पिन लावून ठेवते. आजी म्हणते, पिनांचाच मफलर कर.

वरुडहून
मी डावखुरी. आईच्या शेजारी बसून तीन वर्षं शिकले नाही. मग एकदा पाहुण्या आलेल्या मावशीनं मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. तिचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर आला आणि आरशात पाहून वेणी घालावी तसं झालं. एका दुपारी साखळी, मुका खांब, खांब तिन्ही आले. फोनवर शिकणाऱ्या डावखुऱ्यांनी चित्र उलटं करून पाहावं किंवा फोन आरशासमोर धरावा.

नेरहून
मी पुरुष माणूस, विणत नाही. आईसाठी लिहून राहिलो. तिचा अंगठा दुखायचा, लोखंडी सुई बारीक, पकड बसत नव्हती. माझं पंक्चरचं दुकान आहे. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी कापली, सुईच्या मधल्या भागावर गुंडाळली, वर दोऱ्यानं आवळली. सुईचं आकडीकडचं टोक आणि त्याच्यामागचा दांडा मोकळा ठेवा, कारण टाक्याचं माप तिथंच ठरते. आता तिचं दुखणं बरंच कमी आहे, पण सलग तासभर बसली तर परत सुरू होते. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी मी चहा मागतो.

चिखलीहून
उन्हाळ्यात हात ओले होतात आणि दोरा बोटावर सरकतच नाही. हात धुवा, कोरडे करा, थोडी पावडर लावा. पांढऱ्या दोऱ्याला चालते, काळ्याला नाही. काळा दोरा रात्री घेऊच नका. घ्यायचाच असेल तर मांडीवर पांढरा टॉवेल टाका, टाक्यांची भोकं दिसतात.

पहिली साखळी आवळ होत असेल तर ती एक माप जाड सुईनं घाला आणि पुढचं काम आपल्या सुईनं करा. मला हे कोणी आधी का नाही सांगितलं!

मूर्तिजापूरहून
दोन गोष्टी, दोन्ही पैसे घालवून कळल्या. पहिली: लोकर लागेल तेवढी एकदम घ्या. लेबलवर रंगाचा नंबर असतो आणि वेगळा लॉट नंबरही असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर. मी नुसता रंग पाहून महिनाभरानं दोन गुंड्या आणल्या आणि स्वेटरची एक बाही विटल्यासारखी दिसायला लागली. दुकानदार म्हणाला, "तोच रंग आहे ताई." दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तोच होता.

दुसरी: अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. टाके चपटे होतात, चकाकतात आणि परत उठत नाहीत.

दारव्ह्याकडून
धामणगावच्या ताई, तुमचा हिशोब वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून काल रात्री नव्यानं बसले. सहा फेऱ्या झाल्या, ७२ खांब, प्रत्येक वेळी पाटावर दाबून पाहिला. सपाट आहे. चौथ्या फेरीत एक वाढ राहिली होती, ४७ भरले, तिथंच उसवलं.

दोरा संपत आला आहे. जुना रुमाल उसवून वापरीन म्हटलं होतं, पण पोट्टं टोपी काढायला तयार नाही, शाळेतही घालून गेलं. आता यवतमाळला जाणं आलं. लॉट नंबरचा कागद पर्समध्ये ठेवला आहे.