मदत हवी आहे: १८ मुलं, ९ दादा आणि एक रविवार

आमच्या परळच्या अभ्यासिकेत नववी-दहावीची १८ पोरं येतात. दोघांमागे अभ्यास घेणारा एक दादा, असे ९ दादा. सगळे नोकरदार. अभ्यास होतो, पण गप्पा 'गणित झालं का' याच्यापुढे सरकत नाहीत. म्हणून दिवसभर बाहेर न्यायचं ठरवलंय.

गेल्या वर्षी रिसॉर्टला गेलो आणि फसलो. पोरं एका कोपऱ्यात मोबाइलवर, दादा दुसऱ्या कोपऱ्यात वडापाव खात.

यंदा बोरिवलीचं नॅशनल पार्क डोक्यात आहे. गेटपासून कान्हेरी लेणी सहाएक किलोमीटर, ते चालतच जायचं. चालताना पोरं आपोआप बोलतात, समोर बसवलं की गप्प. दादा नोकरदार, त्यात सोमवारी पार्क बंद, म्हणून रविवारच. पण तेव्हा गर्दी फार.

तर विचारायचं असं, की पंधरा वर्षांच्या पोरांना 'बालिश' न वाटणारे खेळ कोणते? ('ओळख परेड' नको, प्लीज.) मोबाइल गोळा करावेत का? आणि कान्हेरीला माकडं हातातला डबा पळवतात, मग २७ जणांचं जेवण कुठे उरकता? पाऊस असेल, तर दुसरी जागा कुठली?

असा दिवस कुणी काढला असेल तर नक्की सांगा. फसलेला असला तरी चालेल.