कापूसपट्ट्यातल्या मुलांवर पीएच.डी. करायची आहे, सुरुवात कुठून करू?

राळेगावची:
नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्र, ५९ टक्के, ओबीसी, वय २६. शेतकरी कुटुंबातला ताण आणि ८ ते १२ वर्षांच्या मुलांचं वर्तन यावर पीएच.डी. करून पुढे संशोधनातच राहायचं आहे. नेट परीक्षा आधी की मार्गदर्शक आधी? इंग्रजी प्रश्नावली आपणच मराठीत करून वापरली तर चालते का? पाच गावांतून १०० मुलं पुरतील का? आणि 'तू क्लिनिकल (निदान-उपचार करणारी) मानसशास्त्रज्ञ नाहीस, हे काम तुला करता येणार नाही' असं सांगतात, ते खरं का?

अमरावती_०४:
ताई, शेवटचं आधी. संशोधनाला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागत नाही, ती निदान आणि उपचाराला लागते. म्हणून प्रबंधात 'मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) आहे' असं लिहू नका. 'चाचणीवर गुण जास्त आले' एवढंच लिहायचं.

नेटची तयारी आणि मार्गदर्शकाचा शोध एकदमच सुरू करा. जून २०२४ पासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण धरतात: ७० टक्के वजन नेटला, ३० टक्के मुलाखतीला. पण जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली नाही तर हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. निकालानंतर मार्गदर्शक शोधायला निघालं की ते वर्ष अर्जातच जातं. २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. तेव्हा पहिल्याच मेलमध्ये जागा आहे का ते विचारा आणि सोबत दोन पानांचा आराखडा जोडा. गृहविज्ञानाच्या मानव विकास विभागातले मार्गदर्शकही बघा. बाल आणि कुटुंब हा त्यांचा मूळचाच विषय आहे, आणि आपल्याकडे मानसशास्त्रवाले तिकडे फिरकतच नाहीत याचं वाईट वाटतं.

जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, महिलांना आणि नॉन-क्रीमी लेअर ओबीसींना ५ वर्षं सवलत. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पास झालात तर महाराष्ट्र-गोव्यात सहायक प्राध्यापकासाठी पात्र ठरता, फेलोशिप मात्र मिळत नाही. ओबीसीसाठी नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

वर्धा_बालविकास:
साधनांचं मी सांगते, कारण विदर्भातले बरेच प्रबंध इथेच कच्चे राहतात.

वर्तनासाठी तुम्ही बहुधा एसडीक्यू घ्याल. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची प्रश्नावली, २५ विधानं, प्रत्येकी पाचाचे पाच गट. अडचणींची बेरीज चारच गटांची (० ते ४०), इतरांशी चांगलं वागण्याचा गट त्यात धरायचा नाही. ७, ११, १४, २१ आणि २५ या विधानांचे गुण उलटे मोजायचे. एक्सेलमध्ये हे विसरलं की विश्वसनीयता घसरते आणि खापर मुलांच्या आयांवर फुटतं, 'त्यांना प्रश्नच समजले नाहीत' म्हणून. या प्रश्नावलीवर हक्क राखीव आहेत. परवानगीशिवाय अनुवाद किंवा शब्दबदल चालत नाही, म्हणून अधिकृत संकेतस्थळावर जी भाषांतरं आहेत तीच वापरा.

ज्या साधनाला अनुवादाची परवानगी मिळेल त्याचा क्रम असा ठेवा: दोघांनी स्वतंत्र अनुवाद, मग जुळणी, मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलटा अनुवाद. त्यानंतर ८-१० आयांना एकेक वाक्य वाचून दाखवा आणि 'तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा. पुस्तकी 'अस्वस्थ' ऐकून कुणी मुलाची तब्येत बिघडलेली समजतं. तेच 'एका जागी टिकत नाही' म्हटलं की आई लगेच उदाहरण देते. मग ३० घरांत चाचपणी, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यातल्याच काहींना पुन्हा विचारा.

एसडीक्यूत 'गेल्या सहा महिन्यांत' असं विचारतात. गावात महिने मोजून कुणी उत्तर देत नाही. वाक्य आहे तसंच वाचा, पण प्रश्न विचारणाऱ्यांच्या पुस्तिकेत सणाची खूण ठरवून ठेवा. फेब्रुवारीअखेर विचारत असाल तर 'पोळ्यापासून आतापर्यंत'. सगळ्यांनी एकच खूण वापरायची.

बुद्धिमापनाचाही विचार असेल तर मालिन यांची एमआयएसआयसी आपल्याच नागपुरात तयार झाली, १९६९ साली. तिच्याबद्दल आदर आहेच, पण मानकं (तुलनेसाठीचे सरासरी गुण) इतकी जुनी की आजच्या मुलांचे बुद्ध्यंक फुगून येतात. गटागटांतली तुलना करा, 'बुद्ध्यंक अमुक' असा निष्कर्ष काढू नका.

आकडे_आणि_शिवार:
१०० मुलं पुरणार नाहीत. ताण आणि वर्तन यांचा सहसंबंध ०.२ च्या आसपास धरला, तर ८० टक्के पॉवरला (म्हणजे खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) साधारण १९४ मुलं लागतात, तीही एकमेकांशी संबंध नसलेली. एका गावातली मुलं तशी नसतात: शाळा एक, पाऊस एक, सावकारही एकच. त्यासाठीचा गुणक म्हणजे १ + (गावातली मुलं − १) × आयसीसी (एका गावातली मुलं एकमेकांसारखी किती, याचं माप). गावात २० मुलं आणि आयसीसी ०.०५ धरला तर १.९५ येतो. म्हणजे तुमच्या पाच गावांतल्या १०० मुलांचं वजन हिशेबात ५१ भरतं. गरज १९४ × १.९५ = ३७८ ची. १५ टक्के गळती धरली तर ४४५. पाच गावांतच हा आकडा गाठायला गेलात तर गावामागे मुलं वाढतात आणि गुणकही चढतो. २२-२३ गावं, दर गावात २० मुलं, असं करा.

यादी फक्त जिल्हा परिषद शाळेतून घेऊ नका. व्हॅननं तालुक्याच्या शाळेत जाणारी मुलं त्यातून सुटतात. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडच्या कुटुंब नोंदींवरून घरं काढा. एका घरातून एकच मूल, तेही चिठ्ठी टाकून. उत्तर आईनं दिलं की आजीनं, याचा रकाना ठेवाच.

हंगामाचं भान ठेवा. पेरणीच्या जूनमध्ये निम्मी गावं आणि कापूस विकल्यावर उरलेली निम्मी केली, तर जो फरक दिसेल तो कर्जाच्या तारखेचा असेल, गावांचा नाही. सप्टेंबरअखेर सोयाबीनची सोंगणी, दसऱ्यापासून वेचणी, त्यामुळे दिवसा आई भेटत नाही. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला पंधरवडा बरा. गावांचा क्रमही चिठ्ठीनं ठरवा.

राळेगावची:
मनापासून आभार. आईच्या नैराश्यासाठी पीएचक्यू-९ (नऊ प्रश्नांची प्रश्नावली) घ्यायचा विचार आहे. शेजारी सासूबाई बसलेल्या असतील तर? आणि काही गंभीर निघालं तर काय करायचं?

वर्धा_बालविकास:
दोघी जा. एकीनं ओसरीवर सासूबाईंशी घरातली माणसं, शेती यांची माहिती भरायची, दुसरीनं आईशी आत बोलायचं. एकांत मिळालाच नाही तर पीएचक्यू त्या दिवशी घेऊ नका. सासूसमोर दिलेल्या 'नाही'चा उपयोग नाही.

नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. तिथे ० सोडून काहीही उत्तर आलं की एकूण बेरीज काहीही असो, त्याच दिवशी पावलं उचलायची: तिला एकटं सोडायचं नाही, तिच्या संमतीनं घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं, टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, १४४१६, मोफत, २४ तास) तिथूनच फोन लावून द्यायचा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चिठ्ठी द्यायची. त्या डॉक्टरांशी काम सुरू व्हायच्या आधीच बोलून ठेवा आणि हे सगळं आचारसमितीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) अर्जात लिहा. घरात कीटकनाशक कुठे ठेवता हेही विचारा. आपल्या भागात हा प्रश्न टाळून चालत नाही.

मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: पालकांची संमती, शिवाय ७ ते १२ वयाला तोंडी होकार, १२ ते १८ ला लेखी. आई अंगठा लावणार असेल तर तटस्थ साक्षीदार हवा, आणि तो तुमच्या चमूतला नको. मुलाकडून लैंगिक अत्याचाराची माहिती आली तर पोक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून 'काहीही झालं तरी कुणाला सांगणार नाही' असं संमतीपत्रात लिहू नका. 'मुलाला धोका दिसला तर सांगावं लागेल' हे वाक्य आधीच घाला आणि आईला वाचून दाखवा.

अमरावती_०४:
एक भर. जिल्हा परिषद शाळांसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी आणि आश्रमशाळा घेतलीत तर पांढरकवड्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, अशा तीन परवानग्या वेगवेगळ्या लागतील. आचारसमितीचं पत्र हातात आल्यावरच अर्ज टाका आणि सोबत प्रश्नावलीची प्रत जोडा. कोलामी (कोलाम आदिवासींची भाषा) बोलणारी घरं यादीत आली तर त्यांना मराठी प्रश्नावली देऊ नका. एक तर ती आधीच अभ्यासातून वगळा आणि तसं स्पष्ट लिहा, नाहीतर भाषा येणाऱ्या व्यक्तीला प्रशिक्षण देऊन त्या घरांची चाचपणी वेगळी करा.